वळणावरचं पाणी

ओतीलियाने मिटलेली छत्री डोक्यावर उंच धरली आणि मागे न बघता चढ चढायला सुरुवात केली. बघायची गरज नव्हती. ओल्या दगडांवरच्या चौतीस जोड बुटांच्या आवाजावरून तिला कळत असे, कोण दमलं आहे, कोण फोटो काढायला थांबलं आहे आणि कोण नुसतंच कुरकुरत आहे. किल्ल्याच्या पायथ्याला बस सोडून पुढे पायीच जावं लागे. फेब्रुवारीचं धुकं सकाळपासून उठलं नव्हतं. खाली आल्मारेल गाव, त्याची तटबंदी, गावात पाणी आणणाऱ्या जुन्या कमानींची रांग, सगळंच त्यात बुडालेलं होतं. मोठ्या चर्चचा मनोरा तेवढा वर राहिला होता. एरवी या वाटेवरून नदीपलीकडचा स्पेन दिसतो. आज तिने फक्त हात करून दिशा दाखवली आणि लोकांनीही माना डोलावून स्पेन पाहिला.

मंडळी उत्तरेकडची होती, कुठल्याशा डोंगराळ गावातल्या चर्चच्या ज्येष्ठ मंडळाची सहल. सकाळपासून त्यांनी कमानी पाहिल्या, निळ्या चित्रफरश्यांचं छोटं चर्च पाहिलं, चौकातला तो दगडी खांब पाहिला, जिथे एके काळी चोरांना बांधून फटके मारत. प्रत्येक ठिकाणी त्यांनी दोनच प्रश्न विचारले होते: हे किती जुनं, आणि स्वच्छतागृह कुठं आहे. त्यांच्यातली जेनेरोझा नावाची जाडजूड बाई धापा टाकत पुढे आली आणि म्हणाली, "आमच्याकडं डोंगर चढला की वर देवमातेचं दर्शन तरी होतं. इथं वर काय आहे?"

"तुरुंग," ओतीलिया म्हणाली.

सगळे हसले. या चढावर, साधारण याच जागी, प्रत्येक गट कधी ना कधी हा प्रश्न विचारायचा आणि ओतीलिया हेच उत्तर द्यायची. सव्वीस वर्षं ती हे काम करत होती. वय बासष्ट झालं होतं. आणखी एक वर्ष, मग निवृत्ती. तेवढं वर्ष गुडघ्यांनी साथ द्यावी, इतकीच तिची अपेक्षा उरली होती.

एकच माणूस हसला नव्हता. उंच, हडकुळा, तपकिरी लोकरी टोपी घातलेला, सत्तरीचा. नाव एर्मीनियो. तो एकटाच होता आणि सगळ्यांच्या मागे चालत होता. त्याने सकाळपासून एकही फोटो काढला नव्हता. बसमध्ये चढताना मात्र त्याने ओतीलियाला विचारलं होतं, किल्ला नक्की दाखवणार ना. धुक्यामुळे रद्द तर नाही होणार? तिने नाही म्हटल्यावर तो जाऊन शेवटच्या बाकावर बसला होता.

सातव्या वळणावर वाटेच्या कडेला एक दगडी कट्टा होता. तिथे ओतीलिया थांबली, सगळे जमेपर्यंत वाट पाहिली, आणि मग आवाज थोडा खाली आणून तिने सांगायला सुरुवात केली. हा किल्ला बांधला स्पेनच्या भीतीने, पण त्यात कोंडले गेले ते आपलेच लोक. हुकूमशाहीच्या काळात इथं सैनिकांचा तुरुंग होता. कुणी वरिष्ठाला उलट बोललेलं, कुणी आफ्रिकेतल्या लढाईवर जायला नकार दिलेला, कुणी रात्री नदी ओलांडून पळताना सापडलेला. या पोरांना शिक्षा म्हणून खालच्या झऱ्यावरून लाकडी पिंप भरून खांद्यावर वर आणावं लागे. दिवसातून तीनदा. उन्हाळ्यात इथला दगड असा तापतो की त्यावर हात ठेवता येत नाही. वाटेत थांबायची मनाई होती. पण त्यांच्यावर नेमलेला एक सार्जंट होता. तो या वळणावर आला की आधी वर-खाली बघायचा, कुणी अधिकारी दिसत नाही ना याची खात्री करायचा आणि म्हणायचा, पोरांनो, ठेवा खाली, दोन घोट प्या, मी काही बघितलं नाही.

इथे ती नेहमी थांबायची. आजही थांबली. जेनेरोझाने पदराला पुसावेत तसे गळपट्ट्याच्या टोकाने डोळे पुसले. मग सगळे कट्ट्याजवळच्या पाटीपाशी गेले. पाटी दोन वर्षांपूर्वी नगरपालिकेने लावली होती, चार भाषांमध्ये: "दयाळू सार्जंटचा कट्टा". ओतीलियाच्या तोंडून ही गोष्ट इतक्या लोकांनी ऐकली होती, आणि परत जाऊन इतक्यांनी कौतुकाची पत्रं पाठवली होती, की कचेरीतल्या साहेबांनी तिला बोलावून मजकूर लिहून घेतला होता. सार्जंटचं नाव त्यांनी विचारलं होतं. माहीत नाही, असं तिने सांगितलं होतं.

नाव तिला माहीत होतं. बेल्मीरो काशोला. तिचे वडील. ती बारा वर्षांची असताना शाळेतल्या एका मुलीने सगळ्यांसमोर म्हटलं होतं, हिचा बाप वर पोरांना मारतो. ती रडत घरी आली. वडील तेव्हा दाराच्या पायरीवर बसून बूट पुसत होते. त्यांनी ब्रश खाली ठेवला, तिला शेजारी बसवलं आणि ही गोष्ट सांगितली. कुणाला सांगू नकोस, असंही म्हणाले, नाहीतर माझी नोकरी जाईल. तिने पुढची चोवीस वर्षं कुणाला सांगितली नाही. नंतर राज्य बदलून बराच काळ लोटला, ती या कामाला लागली, आणि एका पावसाळी दिवशी कंटाळलेल्या गटाला काहीतरी सांगायचं म्हणून तिने ती पहिल्यांदा सांगितली.

लोक पुढे निघाले. ओतीलियाही छत्री उचलून निघाली, पण बुटांचा आवाज एकाने कमी आहे हे तिच्या लक्षात आलं. एर्मीनियो कट्ट्यापाशीच उभा होता. पाटी त्याने वाचली होती की नाही कोण जाणे. तो खाली, धुक्यात गेलेल्या वाटेकडे बघत होता. ती परत गेली आणि बरं वाटतं आहे ना, म्हणून विचारलं. धाप लागली असेल तर बसा थोडं, असंही म्हणाली.

"इथं बसायला मिळायचं नाही, बाई," तो म्हणाला.

त्याचा सूर तक्रारीचा नव्हता. एखाद्याने चुकीचा रस्ता सांगितला तर आपण जसं हळूच सुधारतो, तसं त्याने ते सांगितलं.

"तुम्ही होता इथं?"

"अकरा महिने."

मग त्याने थोडक्यात सांगितलं. त्याला आफ्रिकेत, गिनीच्या लढाईवर पाठवणार होते. तो वीस वर्षांचा होता. त्याने आणि गावातल्या दुसऱ्या एकाने पळून फ्रान्सला जायचं ठरवलं आणि नदीच्या अलीकडेच पकडले गेले. या वळणावर कुणी पिंप टेकवलेलं दिसलं, तर सार्जंट तिथं काही बोलायचा नाही. वर गेल्यावर मात्र त्याचं पिंप स्वतःच्या हाताने जमिनीवर ओतायचा आणि त्याला परत खाली धाडायचा. पाणी दगडात जिरेपर्यंत बघत उभं राहायला लागे, आणि मगच निघायचं.

ओतीलिया म्हणाली, तुमच्या वेळी दुसरा कुणी सार्जंट असेल.

"असेल," तो म्हणाला. "पण चढावर एकच होता. पंधरा वर्षं तोच होता म्हणायचे. काशोला." त्याने टोपी काढून परत घातली. "जिवंत आहे का हो तो? तुम्ही गावातल्याच ना?"

ओतीलिया म्हणाली, माहीत नाही. आणि पुढे गेलेल्या लोकांना हाक मारत ती वर निघाली.

किल्ल्यात तिने सगळं नेहमीप्रमाणे दाखवलं. सेनापतीच्या घराची रंगवलेली छतं, टाळी वाजवली की सात वेळा घुमणारं पाण्याचं टाकं, बाहेरची चांदणीच्या टोकांसारखी तटबंदी. लोकांनी टाक्यात टाळ्या वाजवल्या. कोठड्या दाखवताना तिला सनावळ्या आठवेनात, हे तिच्या बाबतीत कधी झालं नव्हतं. एर्मीनियो आत आलाच नाही. तो पटांगणात खिशात हात घालून उभा होता, बसची वाट बघावी तसा.

जेवण झेफेरिनोच्या खानावळीत ठरलं होतं, खाली गावात, तटाच्या आत, चौकाच्या कोपऱ्यावर. ओतीलिया गटांना वर्षानुवर्षं तिथेच आणायची. डुकराचं मांस आणि शिंपले आले, वाइनचे जग आले, मंडळींची तोंडं सुटली. चढाची भीती संपल्यामुळे सगळे जण आता तो चढ किती सोपा होता हे एकमेकांना सांगत होते. ओतीलिया मुदपाकखान्याच्या दाराजवळच्या छोट्या टेबलाशी एकटीच बसली. तिने पाव मोडून ताटात नुसता ठेवला. आपल्याला या माणसाचा राग यायला हवा, असं तिला वाटत होतं. कुठून तरी येतो, पन्नास वर्षांनी, आणि सांगतो. म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी एकमेकांत मिसळतात हे तिला घरच्या अनुभवावरून चांगलं ठाऊक होतं. पण राग येत नव्हता. पाणी दगडात जिरेपर्यंत, असं तो म्हणाला होता, तेवढंच सारखं आठवत होतं.

तेवढ्यात झेफेरिनो एप्रनला हात पुसत आला आणि त्याच्या नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाला, "ओतीलिया, सार्जंटसाठी असोर्डा बांधून ठेवलाय. पाव चांगला कुस्करून घातलाय, लसूण कमी. गिळायला त्रास नाही व्हायचा. कसा आहे काशोला म्हातारा? थंडी सोसतीय ना त्याला?"

पलीकडच्या टेबलावर एर्मीनियोने काटा ताटाच्या कडेला ठेवला. त्याने मान वळवली नाही. ओतीलियाने झेफेरिनोला काहीतरी उत्तर दिलं, बरे आहेत, की तसंच काहीतरी.

ती डबा घेऊन बाहेर पडली तेव्हा तो चौकात, फटक्यांच्या खांबाच्या पायरीशी उभा होता.

"काशोला तुमचे कोण?"

"वडील."

त्याने मान हलवली. मघाशी तुम्ही माहीत नाही म्हणालात, हे तो म्हणेल आणि त्यावर आपण काय म्हणायचं, याची ती मनात जुळवाजुळव करत होती. पण तो तसं काही म्हणाला नाही. त्याने फक्त विचारलं, भेटता येईल का. ओतीलियाने सांगितलं की ते नव्वदीचे आहेत, त्यांना कुणाची ओळख पटत नाही, कधी कधी तिलाही ते त्यांची मेलेली बहीण समजतात. बोलून काही उपयोग नाही.

"बोलायचं नाहीये मला," तो म्हणाला. "बघायचंय."

बस तीनला सुटणार होती. सव्वा तास होता. ती नाही म्हणू शकली असती. कुणीही नाहीच म्हटलं असतं. पण तटाच्या बाजूने घराकडे जाताना, मागे त्याची पावलं ऐकत, तिला कळलं की आपण हो का म्हटलं. त्याने वडिलांना आता आहेत तसे पाहावं, असं तिला वाटत होतं. मांडीवर घोंगडी, हनुवटीखाली फडकं, भरवल्याशिवाय न खाणारे. ते पाहून तो हळहळेल. कदाचित म्हणेल, नाही हो, माझी चूक झाली, तो हा नव्हे.

घर तटाला टेकून होतं, दोन खोल्यांचं. तीन पायऱ्या चढून आत गेलं की सरळ वडिलांची खुर्चीच दिसायची, खिडकीपाशी, गॅसच्या शेगडीजवळ. सकाळी सांभाळायला येणारी शेजारीण ओतीलियाला पाहताच शाल उचलून निघून गेली. वडील जागे होते. पूर्वीचं त्यांच्यात फारसं काही राहिलं नव्हतं, फक्त हात अजून मोठे होते आणि ते घोंगडीवर निरुपयोगी अवजारांसारखे पडलेले असत. ओतीलियाने जरा मोठ्याने सांगितलं, बाबा, पाहुणे आलेत. उत्तरेकडचे. एर्मीनियोला तिने समोरची खुर्ची दिली. तो टोपी हातात घेऊन बसला.

शेगडी सुरसुरत होती. ओतीलिया डबा उघडून असोर्डा वाडग्यात काढू लागली. कोथिंबिरीचा वास खोलीत पसरला. वडील पाहुण्याकडे बघत होते, ते हल्ली भिंतीकडेही तसंच बघत. मग त्यांनी मान थोडी वर उचलली आणि विचारलं, "नंबर?"

हा आवाज ओतीलियाने कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. छातीतून आलेला, कोरडा. तिने वळून पाहिलं.

एर्मीनियो उभा होता. तो कधी उठला ते तिला दिसलंच नाही. टोपी जमिनीवर पडली होती, टाचा जुळलेल्या होत्या, हात मांड्यांना चिकटलेले होते.

"दोनशे चौदा," तो म्हणाला.

"पिंप?"

"भरलंय, सार्जंट."

"खाली ठेवायचं नाही," वडील म्हणाले.

तो तसाच उभा राहिला. एकाहत्तर वर्षांचा माणूस, तुरुंगातून सुटल्यावर परदेशात आयुष्यभर घरांची छपरं घातलेला, अंगात बायकोने विणलेला स्वेटर. त्याचा चेहरा लाल होत गेला, आणि ओतीलियाला कळलं की त्याला बसायचं आहे आणि बसता येत नाही. वाडगं तिच्या हातात होतं. ते कुठे ठेवावं तिला सुचेना. शेवटी ती म्हणाली, बसा ना, अहो, बसा. तिचं त्याने ऐकलं नाही. तो वडिलांकडेच बघत होता. मग त्याने एक हात मांडीपासून सोडवला, खुर्चीची पाठ चाचपली, आणि तो हळूहळू खाली बसला.

"बसायला कुणी सांगितलं?" वडिलांनी विचारलं.

"कुणी नाही," तो म्हणाला. "माझा मी बसलो."

वडील यावर काहीतरी बोलतील असं वाटत होतं. त्यांचे ओठ हललेही. पण जे काही आलं होतं ते निघून गेलं होतं. त्यांची नजर शेगडीवर गेली, तिथून खिडकीवर, आणि मग त्यांचा चेहरा लहान मुलाचा होतो तसा वाकडा झाला. ओतीलियाला लगेच कळलं. घोंगडी ओली झाली होती.

एरवी हे काम ती आणि शेजारीण मिळून करत. एकटीने त्यांना उचलायचं म्हणजे पाठ धरायची. तिने एर्मीनियोची माफी मागितली, तुम्ही बाहेर थांबा, म्हणाली. त्याने अंगातला कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला.

"कुठून धरू?" त्याने विचारलं.

एक हात पाठीखाली, एक गुडघ्यांखाली, असं तिने सांगितलं. त्याने वडिलांना एका दमात उचललं. तिला वाटलं होतं त्यापेक्षा ते सोपं गेलं. तो खोलीच्या मध्ये त्यांना घेऊन उभा राहिला आणि ती त्यांची विजार काढू लागली, अंग पुसू लागली. नाडीची गाठ बसली होती, कोरडं फडकं सापडत नव्हतं, पलंगावरचं मेणकापड सरळ होईना. सावकाश करा, तो म्हणाला, घाई नाही. त्याच्या कपाळावर घाम आला होता. वडिलांचं डोकं त्याच्या खांद्यावर टेकलं होतं.

"थंडी आहे," वडील म्हणाले.

"हो," एर्मीनियो म्हणाला. "थंडी आहे."

"झालं," ओतीलिया म्हणाली. "ठेवा आता खाली."

त्याने त्यांना पलंगावर ठेवलं आणि त्यांचं डोकं उशीवर नीट सरकवलं. मग तो मोरीत गेला. साबण लावून त्याने हात धुतले, पुन्हा साबण लावून पुन्हा धुतले. ओतीलियाने त्याची टोपी उचलून झटकली आणि दारात घेऊन उभी राहिली.

ती म्हणाली, कट्ट्यावरची ती पाटी मी काढायला लावते. कचेरीत जाऊन सांगते.

"ते तुमचं तुम्ही बघा, बाई. मी काही पाटीसाठी आलो नव्हतो."

"मग कशासाठी आला होता?"

त्याने कोटाची बटणं लावता लावता विचार केला. बायको गेल्या वर्षी गेली, तो म्हणाला. घरात बोलायला कुणी राहिलं नाही, तेव्हा हे सगळं पुन्हा सुरू झालं. झोपेत तो चढ चढायचा. प्रत्येक वेळी चढ आधीपेक्षा लांब व्हायचा. मंडळाच्या सहलीचा कागद आला, त्यात या गावाचं नाव दिसलं, तेव्हा वाटलं एकदा जाऊन बघून यावं, खरंच एवढा मोठा आहे का.

"आहे?"

"नाही. छोटाच आहे," तो म्हणाला. "जेनेरोझासुद्धा चढली."

तो किंचित हसला. ओतीलियाला विचारायचं होतं की आता बरं वाटतंय का. पण त्याच्या चेहऱ्याकडे पाहून तिला ते विचारवलं नाही. पायऱ्या उतरल्यावर तो आपणहून म्हणाला, "त्याला काहीच आठवत नाही. मला वाटलं होतं, दोघांना आठवत असेल. निम्मं निम्मं." आणि तो तटाच्या कडेने चालू लागला.

बसपाशी सगळे जमले होते. जेनेरोझाने त्याला लांबूनच सांगितलं, की जेवणानंतरची गोड सिरिकाया संपली, आणि त्याच्या वाटणीचं पाकातलं आलुबुखार तिने खाल्लं, वाया जाऊ नये म्हणून. बाईच्या मागे गेला होतात का हो या वयात, असंही तिने विचारलं, आणि बसमध्ये हशा पिकला. एर्मीनियो शेवटच्या बाकावर जाऊन बसला. ओतीलियाने नेहमीप्रमाणे दारात उभं राहून आभार मानले, पुन्हा या म्हणाली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. बस वेशीतून बाहेर पडली आणि कमानींपर्यंत जायच्या आतच धुक्यात दिसेनाशी झाली.

ती कचेरीत गेली नाही. घरी आली, असोर्डा गार झाला होता तो पुन्हा गरम केला, वडिलांना उशांच्या आधाराने बसवलं आणि त्यांच्या हनुवटीखाली फडकं अडकवलं. चार वाजले असतील. खिडकीबाहेर दिवस मावळल्यासारखाच उजेड होता. तिने चमचा भरला, फुंकर घातली, त्यांना भरवलं. त्यांनी गिळलं. दुसरा भरवला. वडील आज शांत होते, चांगले खात होते. कधी कधी असा अर्धा तास येई, जेव्हा ते तिला तिच्या नावाने हाक मारत.

"ओतीलिया," ते म्हणाले, "मीठ कमी आहे."

"हो, बाबा."

तिने तिसरा चमचा भरला. मग तो वाडग्यातच ठेवून तिने विचारलं. इतक्या वर्षांत तिने हे कधी विचारलं नव्हतं, विचारायची वेळच आली नव्हती.

"बाबा, वर किल्ल्याच्या वाटेवर, त्या वळणावर, तुम्ही पोरांना पाणी पिऊ देत होता ना?"

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. नजर स्वच्छ होती. ते खरोखर आठवायचा प्रयत्न करत आहेत असं दिसलं, कपाळाला आठ्या पडल्या.

"मी तुला काय सांगितलं होतं?" त्यांनी विचारलं.

"देत होता म्हणून."

"मग देत होतो," ते म्हणाले, आणि पुढच्या घासासाठी त्यांनी तोंड उघडलं.

ओतीलियाने चमचा उचलला. तो त्यांच्या ओठांपासून चार बोटांवर आला आणि तिथे थांबला. वाफ निघत होती. वडील तोंड उघडून वाट पाहत होते, विश्वासाने, डोळे तिच्या हाताकडे लावून. चमच्यातला थेंब फडक्यावर पडला, दुसरा पडला. ते तोंड मिटत नव्हते. शेजारच्या घरात कुणीतरी रेडिओ लावला, बंद केला. तिचा हात भरून आला.

मग तिने त्यांना तो घास भरवला, ओठ पुसले, आणि मीठ आणायला उठली.